पहिला फॉरवर्ड कुणाचा?

परवा धुळ्याला गेले होते, देवपूरच्या घरी, आणि संध्याकाळी गच्चीवर मुरमुरे-शेव घेऊन बसलो की मामा जो विषय काढतात तो त्यांनी काढलाच. मामा फौजदार म्हणून रिटायर झाले, मी पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये, त्यामुळे मोबाईलशी संबंधित देशात काहीही झालं की ते माझं काम असल्यासारखं मला विचारतात. यावेळी विचारणं नव्हतं, निकालच होता. "हे व्हॉट्सअॅपवाले माजलेत. पहिला मेसेज कोणी टाकला एवढंच सांगायचं असतं, बाकी काही नको. त्याला उचलला की दोन दिवसात सगळं थंड. यांना तेवढंही जमत नाही?"

हा वाद आमच्यात २०१८ पासून चालू आहे आणि प्रत्येक वेळी मी हरते, कारण मामांकडे एक हुकमी पान आहे. राईनपाडा.

धुळेकरांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. १ जुलै २०१८, रविवार, साक्री तालुक्यातलं राईनपाडा, बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, बहुतेक मंगळवेढ्याकडचे, भिक्षा मागत फिरणारी माणसं. मुलं पळवणारी टोळी आलीय ही अफवा तेव्हा महिनाभर सगळीकडे फिरत होती. लोकांना संशय आला, गर्दी जमली, त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि तिथेच मारून टाकलं. पाचही जण. ज्यांचा अख्खा पिढीजात धंदाच गावोगाव फिरायचा, ती माणसं 'अनोळखी' म्हणून गेली. मामा तेव्हा नोकरीत नव्हते पण त्यांच्या हाताखालची पोरं त्या बंदोबस्तात होती, आणि त्यांनी फोनवर जे सांगितलं ते मामा आजही पूर्ण सांगत नाहीत, "खोलीतल्या भिंती" एवढं म्हणतात आणि विषय बदलतात.

तर या पानापुढे एन्क्रिप्शनचं, म्हणजे मेसेज पाठवणारा आणि घेणारा सोडून कोणालाच वाचता येत नाही त्याचं, काय सांगणार तुम्ही.

पण यावेळी मी जरा तयारीत होते, कारण पहिला मेसेज टाकणारा शोधून द्या असं कंपन्यांना सांगणाऱ्या सरकारी नियमाची मूळ प्रत शेवटी एकदाची वाचली होती. आपण सगळेच या विषयावर तावातावाने बोलतो आणि नियम कोणीच वाचत नाही, मीपण त्यातलीच.

आधी क्रम सांगते. राईनपाड्यानंतर दोनच दिवसांत केंद्राच्या आयटी मंत्रालयाने व्हॉट्सअॅपला खरमरीत पत्र लिहिलं. त्याच जुलैत मेसेजवर 'फॉरवर्डेड' ही खूण आली, पेपरात पानभर जाहिराती आल्या, आणि भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आली. फोटो-व्हिडिओच्या शेजारचा तो झटपट फॉरवर्डचा बाणही भारतात काढून टाकला. जानेवारी २०१९ मध्ये पाचची मर्यादा जगभर लागली. २०२० च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या काळात, जो मेसेज आधीच खूप फिरलाय तो एका वेळी एकाच चॅटला पाठवता येईल असं केलं. इथपर्यंत सगळं ठीक होतं.

मग २५ फेब्रुवारी २०२१ ला आयटी नियम आले, आणि त्यातला नियम ४(२). ज्या मेसेजिंग कंपनीचे भारतात पन्नास लाखांपेक्षा जास्त वापरकर्ते, तिने मागितल्यावर मेसेजचा 'पहिला कर्ता' शोधून द्यायचा. मे महिन्यात व्हॉट्सअॅप याविरुद्ध दिल्ली हायकोर्टात गेलं, २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाचा, म्हणजे नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं त्याचा, आधार घेऊन. एप्रिल २०२४ मध्ये त्यांच्या वकिलांनी कोर्टात सरळच सांगितलं की एन्क्रिप्शन तोडायला लावलं तर आम्ही इथून जातो. तेव्हा खटल्याला तीन वर्षं होत आली होती आणि सुनावणीच चालू होती. मामांना ते 'जातो' फार लागलंय. "जातो म्हणे! जा ना!" मग थोडं थांबून, "पण मग तुझ्या मामीला भजनी मंडळाचं टाइमटेबल कोण पाठवणार."

आता मामांचा मुद्दा वेडगळ नाहीये, हे आधी कबूल करते. नियम लिहिणाऱ्यांनीही काही कुंपणं घातलीत. मेसेजमध्ये काय आहे ते कंपनीला सांगावं लागणार नाही. किरकोळ गुन्ह्यांसाठी मागायचं नाही, देशाची सुरक्षा, सार्वजनिक शांतता, बलात्कार, मुलांचं लैंगिक शोषण असल्या गंभीर गोष्टींसाठीच. दुसरा कमी त्रासाचा मार्ग असेल तर आदेश काढायचाच नाही असंही लिहिलंय. मामा म्हणाले, "बघ, आणि कोर्टाची ऑर्डर लागते." मी म्हटलं कोर्टाची किंवा आयटी कायद्याच्या कलम ६९ खालच्या सक्षम अधिकाऱ्याची, म्हणजे गृह सचिव, म्हणजे सरकारच सरकारला परवानगी देणार. हा 'किंवा' कुणाला दिसत नाही. मामा म्हणाले गृह सचिवाला सही करायला किती कागद लागतात ते तुला माहीत नाही. खरंय, नाही माहीत.

पण माझं घोडं अडलं ते पुढच्या ओळीवर. नियमात एक पुरवणी आहे की मेसेजचा पहिला कर्ता भारताबाहेर असेल तर भारताच्या हद्दीत ज्याने तो पहिल्यांदा पाठवला त्यालाच पहिला कर्ता मानायचं. 'मानायचं' हा शब्द नीट बघा. तो आहे असं नाही, मानायचं.

आता २०१८ च्या अफवेत जो एक व्हिडिओ सगळीकडे फिरला तो आठवतोय का? मोटारसायकलवर दोघं येतात, गल्लीत खेळणाऱ्या पोरांतला एक उचलतात आणि पळ काढतात. तो कराचीचा होता. तिथल्या एका संस्थेने आईबापांना सावध करायला केलेली जाहिरात होती ती, आणि मूळ व्हिडिओत शेवटी ती माणसं परत येतात, पोराला खाली उतरवतात आणि पाटी दाखवतात की बघा, मूल पळवायला किती कमी वेळ लागतो. कोणीतरी शेवट कापला. बस. तेवढ्यानेच जाहिरातीची बातमी झाली.

तर मग पहिला कर्ता कोण? कराचीतली संस्था? तिने तर चांगल्याच हेतूने केलेलं. शेवट कापणारा? तो कुठे बसलाय कोणाला ठाऊक, आणि तो बाहेरचा असेल तर नियम त्याला सोडूनच देतो आणि भारतात ज्याच्या हातून तो पहिल्यांदा पुढे गेला त्या माणसाकडे वळतो, आणि तो माणूस बहुधा दुबईतल्या मेव्हण्याकडून आलेली क्लिप घाबरून बायकोला पाठवणारा कोणीतरी, किंवा "हे खरं आहे का हो?" असं मित्राला विचारणारा. त्याला उचलायचं?

मामा म्हणाले, "तपासात कळेल ना तो कसा आहे. निर्दोष असेल तर सुटेल."

मी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. तेहतीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाने हे म्हणावं. त्यांना पण कळलं बहुतेक, शेव उचलली.

टेक्निकल बाजू तर अजून गमतीची आहे. एप्रिल २०१६ पासून व्हॉट्सअॅपवरचं सगळं एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहे, म्हणजे पत्राला कुलूप माझ्या फोनवर लागतं आणि किल्ली तुमच्याच फोनमध्ये, मधला पोस्टमन फक्त पेटी नेतो. पोस्टमनला आता सांगितलंय की पेटी उघडू नको, पण उद्या कोणी विचारलं तर हेच पत्र सगळ्यात आधी कोणी लिहिलं होतं ते सांग. एक उपाय असा सुचवला गेला की प्रत्येक मेसेजचा हॅश काढून ठेवायचा. हॅश म्हणजे मेसेज मिक्सरमधून काढल्यावर मिळणारी आकडे-अक्षरांची एक ओळ, मेसेज तोच असला तर ओळ तीच येणार. पण "टोळी आली आहे" च्या जागी "टोळी आलीय" लिहा, ओळ पूर्ण बदलली. एक टिंब वाढवा, बदलली. व्हिडिओ पुन्हा सेव्ह करताना थोडा दाबला गेला, बदलली. म्हणजे ज्याला खरोखर आग लावायचीय तो एक स्पेस टाकून सुटणार, आणि जो भाबडेपणाने जसाच्या तसा पुढे ढकलतोय तो सापडणार. आणि उद्या कुठला मेसेज वाईट निघेल हे आज माहीत नसतं, त्यामुळे हिशोब सगळ्यांच्याच सगळ्या मेसेजचा ठेवावा लागणार. तुमचा, माझा, मामीच्या भजनी मंडळाचा. २०१९ मध्ये कंपनी स्वतःच सांगत होती की भारतात चाळीस कोटी लोक वापरतात. करा गुणाकार.

हॅश नको तर पाठवणाऱ्याची माहिती मेसेजलाच चिकटवा, असा प्रस्ताव आयआयटी मद्रासच्या प्रा. कामकोटींनी २०१९ मध्ये मद्रास हायकोर्टापुढे ठेवला होता, आणि आयआयटी बॉम्बेच्या प्रा. मनोज प्रभाकरन यांनी तिथेच लेखी मत दिलं की याने काम होणार नाही. म्हणजे दोन आयआयटीत एकमत नाही आणि मामा मला म्हणतात तेवढंही जमत नाही का.

आई इतका वेळ गप्प होती. गहू निवडत होती, अंधार पडत आलेला, दिसत तरी काय होतं तिला देव जाणे. ती एकदम म्हणाली, "मग मलाच उचला ना, दादा."

आम्ही दोघं बघतच राहिलो.

तर झालं असं होतं. जून २०१८ मध्ये आईला तिच्या मैत्रिणीकडून तो मेसेज आला होता, हिंदीत, लांबलचक. आईला तो आवडला नाही, म्हणजे हिंदी आवडली नाही. मग तिने त्यातला कामाचा भाग कॉपी केला, मराठीत दोन ओळी वर टाकल्या, खाली हात जोडलेले दोन इमोजी टाकले, आणि भजनी मंडळ, माहेरची मंडळी, नंदांचा ग्रुप असं तिन्हीकडे पेस्ट केला. कॉपी-पेस्ट तिला मी शिकवलेलं आदल्या दिवाळीत, हळदीकुंकवाच्या आमंत्रणासाठी. आणि त्या दोन ओळींत तिने काय लिहिलं होतं? "धुळ्यात पण आलेत म्हणे. आपली पोरं सांभाळा."

"आलेत म्हणे असं कोण म्हणालं होतं तुला?" मामांनी विचारलं.

"कोणी नाही. मला वाटलं नुसतं लिहिलं तर लोक मनावर घेणार नाहीत."

हे मी आठ वर्षांत पहिल्यांदा ऐकत होते. मला आत्तापर्यंत वाटायचं आईने फॉरवर्ड केला असणार, सगळ्यांनीच केला होता, मी स्वतः ऑफिसच्या ग्रुपवर 'हे फेक आहे' म्हणून तोच व्हिडिओ टाकला होता, म्हणजे फिरवायला हातभार माझाही. पण आईने गाव जोडलं होतं. अफवेला पत्ता तिने दिला. आणि तो कॉपी-पेस्ट होता, त्यामुळे कुठलीही पद्धत लावा, हॅश लावा की चिठ्ठी चिकटवा, त्या मराठी मेसेजची पहिली कर्ती माझी आई. कंपनीने प्रामाणिकपणे शोधून दिलं असतं तर तिचंच नाव आलं असतं आणि ते चूकही नसतं. यावर मला काय वाटायला पाहिजे ते मला अजून नीट ठरवता येत नाहीये. तिचा मेसेज राईनपाड्यापर्यंत गेला नसेल, भजनी मंडळ कुठे आणि तो पाडा कुठे. पण असे मेसेज लिहिणाऱ्या आया जिल्ह्यात किती असतील, आणि त्यातला कुठला तरी गेलाच ना.

मामा म्हणाले, "तुला कोण उचलतंय."

"का? कायद्यात बहिणीसाठी वेगळं कलम आहे का?"

मग मामांनी, आणि याबद्दल त्यांना मानते, आवाज न चढवता खरा प्रश्न विचारला. ठीक आहे, पहिला कर्ता शोधून उपयोग नाही, समजा पटलं. मग त्या पाच जणांच्या घरच्यांना काय सांगायचं? तंत्रज्ञानात बसत नाही म्हणून?

तर मी त्यांना त्यांच्याच खात्याचं सांगितलं. राईनपाड्याचा खटला उभा राहिला तो मारहाण करणाऱ्यांवर, आणि त्यांना ओळखायला पोलिसांना उपयोगी पडले तिथल्याच लोकांनी काढलेले मोबाईल व्हिडिओ. फेब्रुवारी २०२४ मध्ये धुळ्याच्या कोर्टाने सात जणांना जन्मठेप दिली. एन्क्रिप्शन कोणी तोडलं नाही. आणि त्याच रविवारी रात्री मालेगावात असाच जमाव जमला होता, एका कुटुंबाला घेरलं होतं, लहान मूल होतं त्यांच्यात, तिथे पोलीस वेळेत पोचले आणि माणसं वाचली. राईनपाडा आणि मालेगावात अफवा तीच होती, फरक पोलीस पोचण्याचा होता. साक्रीच्या त्या कोपऱ्यात गाडी पोचायला किती वेळ लागतो हे मामांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, ते काही बोलले नाहीत. १७ जुलै २०१८ ला सुप्रीम कोर्टाने जमावहत्येवर जो निकाल दिला त्यातसुद्धा प्रत्येक जिल्ह्यात नोडल अधिकारी, संवेदनशील भागात गस्त, हेच सगळं आहे. कंटाळवाणी कामं. अॅपमध्ये बटण टाकण्याइतकी आकर्षक नाहीत.

आणि पोलिसांना चॅट मिळत नाहीत हेही अर्धंच खरं आहे. २०२० मध्ये मुंबईतल्या सिनेमावाल्यांच्या चॅट रोज रात्री टीव्हीवर वाचून दाखवत होते, त्या काय कुलूप फोडून मिळाल्या? फोनच हातात होते. कुलूप फक्त रस्त्यात असतं, घरात पत्र उघडंच पडलेलं असतं. कुठला नंबर, कुठला आयपी म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, असली माहिती कंपनीकडे असते आणि कायदेशीर मागितली की मिळतेही.

आणि पोलिसांसाठी कुलपाला मागचं दार ठेवाच म्हणाल, तर त्यावर मला अथेन्सची गोष्ट फार आवडते, मामांना मी ती सांगितलीच. २००४-०५, ऑलिम्पिकच्या आसपासचा काळ. ग्रीसमध्ये व्होडाफोनच्या एक्स्चेंजमध्ये एरिक्सनचं सॉफ्टवेअर होतं आणि त्यात पोलिसांनी कायदेशीर आदेश आणला तर फोन ऐकता यावेत अशी सोय बनवतानाच केलेली होती. व्होडाफोन ग्रीसने ती वापरायचा भाग विकतसुद्धा घेतला नव्हता, सोय नुसती आत पडून होती. कोणीतरी आत शिरलं, गुपचूप ती सोय चालू केली, आणि पंतप्रधान कारामानलिस धरून शंभरेक लोकांचे फोन कित्येक महिने ऐकले. सापडलं कसं, तर काही लोकांचे एसएमएस पोचत नव्हते म्हणून तक्रार आली. पंतप्रधानाचा फोन! पोलिसांसाठी ठेवलेलं दार, आणि आत कोण शिरलं तर पोलीस नाहीच.

"ते ग्रीस आहे," मामा म्हणाले. आपल्याकडे काय, आपल्याकडे तर दाराला कडीच नसते, असं मी म्हणणार होते पण खाली मामीने हाक मारली, शेवभाजी गरम होती आणि तिथे वाद संपतो आमच्याकडे.

जेवण झाल्यावर मामा हळूच फोन घेऊन आले. त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याचं व्हॉट्सअॅप कोणीतरी पळवलं होतं, सहा आकडी कोड विचारला आणि त्याने तो दिला (तोही रिटायर्ड पोलीस, काय बोलणार), मग त्याच्या नावाने सगळ्यांकडे पैसे मागत होते. त्यामुळे मामांना आता सगळं बंदोबस्तात पाहिजे होतं. टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावून दिलं. मग म्हणाले ते बॅकअपचंही कर, पेन्शनचे कागद आहेत चॅटमध्ये, ते कंपनीला पण दिसायला नकोत, आणि सरकारला तर मुळीच नको. मी त्यांच्याकडे बघितलं, ते दुसरीकडे बघत होते. बॅकअपला एन्क्रिप्शन लावलं. पासवर्ड विसरेन म्हणाले म्हणून चौसष्ट आकडी किल्लीचा पर्याय घेतला, ती त्यांनी स्वतःच्या सुंदर अक्षरात, पंचनामा लिहितात तसं, डायरीत चार-चार आकड्यांच्या गटांत उतरवून घेतली आणि दोनदा ताडून पाहिली.

आज सकाळी पुण्याला परत आले. बसमध्येच फोन वाजला. 'माहेरची मंडळी' ग्रुपवर मामांनी डायरीच्या त्या पानाचा फोटो टाकला होता. खाली लिहिलेलं, "हरवू नये म्हणून सगळ्यांनी जपून ठेवा." आईने अंगठा दिला होता.